शाळेवरची दुसरी डिश

आमच्या धंद्यात कुठल्याही कामाचा पहिला प्रश्न एकच असतो. एक माणूस इकडच्या गच्चीवर, दुसरा तिकडच्या. फोनवर विचारायचं, ‘दिसतं का?’ समोरून ‘दिसतं’ आलं की निम्मं काम झालं. मध्ये एखादी नवी इमारत किंवा वाढलेलं झाड आलं, की मांडलेलं सगळं सामान गुंडाळून परत.

जिथे वायर पोचत नाही तिथे इंटरनेट हवेतून न्यायचं, हे माझं काम. दोन टोकांना दोन डिश लावायच्या, एकमेकींच्या अगदी समोर. मधल्या अदृश्य रेषेला आम्ही लिंक म्हणतो. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी इथल्या गच्च्यांवर माझी उमेदीची वर्षं गेली. लोकांना वाटतं हे काम यंत्रांचं आहे. खरं तर निम्मं काम माणसांना राजी करण्याचं असतं.

मुलुंडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी अट घातली होती, डिशचं तोंड दक्षिणेकडे नको. आमचा टॉवर नेमका दक्षिणेला, कांजूरमार्गला. डिश लावून झाल्यावर ते वर आले आणि म्हणाले, “अहो, हे काय? दक्षिणेकडेच की!” मी शांतपणे सांगितलं, “काका, तुम्हाला तोंड वाटतंय ती तिची पाठ आहे. तोंड आतल्या बाजूला, उत्तरेकडे.” त्यांनी वाकून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि खाली जाऊन सही केली. माझा जोडीदार इरफान जिन्यात बसून हसत होता. “यार, तू वकील व्हायला पाहिजे होतास.”

ही गोष्ट मी अनेक वर्षं मजेत सांगत आलो. आता सांगताना मजा येत नाही. समोरच्याला बरं वाटेल तेवढंच सांगायचं आणि काम पुढे रेटायचं, ही सवय मला अशाच गच्च्यांवर लागली.

खाडीपलीकडच्या शाळेचं काम आमच्याकडे आलं ते विशाखाबाईंमुळे. गोराई-मनोरीच्या बाजूला खारफुटीने वेढलेला एक लहानसा पाडा आहे. नाव बदलून त्याला इथे चिंबोरपाडा म्हणतो. बोरिवलीतल्या उंच इमारतींच्या गच्चीवरून त्याचं देऊळ आणि क्रूस दोन्ही दिसतात, इतका तो जवळ. पण जायचं तर होडीनेच. पाण्याची लाइन आली, वीज आली. फोनला मात्र सिग्नल नाही. शाळा सातवीपर्यंत. ती चालवणारी संस्था बोरिवलीची, तिची मोठी शाळाही बोरिवलीतच. पाड्यावर शिकवायला दोघं : लहान वर्गांना हेडमास्तर आणि वरच्या वर्गांना गणित-विज्ञान शिकवणाऱ्या विशाखाबाई.

बाई आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांच्या चपलांना खाडीचा चिखल होता. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी वर्तमानपत्राचा कागद मागितला आणि पायाखाली घेतला.

“सिग्नलसाठी मी पाण्याच्या टाकीवर चढते,” त्या म्हणाल्या. “एक व्हिडिओ उतरवायला अर्धी दुपार जाते. हृदय कसं चालतं ते मुलांना मी फळ्यावर किती दाखवणार? सर, त्यांना एकदा बघू दे.”

एका कंपनीने देणगी द्यायचं कबूल केलं आणि आम्ही पाहणीला गेलो. तिथे फोन लागत नसल्यामुळे इरफान शाळेच्या छपरावरून आरसा चमकवणार आणि मी बोरिवलीच्या गच्चीवरून तो शोधणार, असं ठरलं. खारफुटीच्या हिरव्या पट्ट्यापलीकडे एक ठिणगी लुकलुकली. दिसलं. त्या क्षणाचा आनंद मला अजून जसाच्या तसा आठवतो.

खांब उभा करायच्या दिवशी पाड्यावरचे पुरुष मदतीला आले. होडीची डोलकाठी उभी करावी तसा त्यांनी तो दोरांनी ओढून उभा केला आणि कोणीतरी बुंध्याशी नारळ फोडला. शाळा समितीच्या अध्यक्ष जॅसिंतामावशी कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. बोरिवलीच्या बाजारात त्या मासळी विकतात. त्यांची नात एलिझा तेव्हा पाचवीत होती.

“एवढी मोठी काठी आणि शीड नाही,” मावशी म्हणाल्या. “वारा आला तर शाळा कुठे नेशील रे?”

“बोरिवलीला, मावशी.”

“नको बाबा. तिकडे नेऊ नकोस. तिकडे गेलेली आमची पोरं परत येतात ती नापास होऊनच.”

त्या हसून बोलल्या, पण ती हकिगत खरी होती. सातवीनंतर पाड्यावरची मुलं बोरिवलीच्या शाळेत जायची, गणितात अडायची आणि वर्षभरात परत येऊन जवळा निवडायला बसायची. विशाखाबाई आल्यापासून हे बदललं होतं. त्यांनी शिकवलेली मुलं बोरिवलीत टिकली होती. मावशींना एलिझाला नर्स करायचं होतं आणि त्यांचा सगळा भरवसा बाईंवर होता.

बाई काय करायच्या ते मी स्वतः पाहिलं. पाड्याची मासेमारी डोल जाळ्याची, म्हणजे जाळं समुद्रात बांधून ठेवायचं आणि पाण्याच्या ओढीने मासळी त्यात शिरायची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओढ जोरात असते, तेव्हा मासळी भरपूर. त्या दिवसांत घरातलं लहान-मोठं कोणी मोकळं नसतं. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं. त्याला भांग म्हणतात. तेव्हा होड्या किनाऱ्याला आणि माणसं घरात. त्यामुळे शाळा भांगाला भरलेली आणि उधाणाला ओस. बाई उधाणाच्या दिवशी छत्री घेऊन बोंबील वाळवायच्या बांबूंच्या मांडवांत शिरायच्या आणि एकेकाला हाक मारायच्या.

“एलिझा, चल. बोंबील टांगलेलेत, पळून जात नाहीत. तू मात्र जातेस!”

बायका कुरकुरायच्या, पण पोरांना सोडायच्या. घराघरांतून मुलं गोळा करत बाई शाळेत पोचायच्या आणि मग तास सुरू व्हायचा.

हे पाहताना मला माझ्या बाई आठवल्या. जालन्याकडून आलेलं आमचं कुटुंब, वडील कांजूरमार्गला एका कारखान्यात हमाल. सहावीत मी शाळा सोडून चहाच्या टपरीवर लागलो होतो. आमच्या वर्गशिक्षिका टपरीवर आल्या, चहा मागितला, प्यायल्या आणि पैसे देताना म्हणाल्या, “उद्यापासून तू इथे दिसलास तर मी रोज इथेच येऊन शिकवेन. तुझ्या मालकाचं गिऱ्हाईक पळेल.” मालकानेच मला हाकलून दिलं. मी आज जो काही आहे, तो कोणीतरी मला न्यायला आलं म्हणून आहे. हे मला माहीत होतं, हे मुद्दाम लिहितो. न कळून काही झालं असं मला म्हणता येणार नाही.

लिंक सुरू झाली आणि मुलांनी हृदय पाहिलं. एलिझाने छातीवर हात ठेवून विचारलं, “आत्ता पण असंच चाललंय?” बाई म्हणाल्या, “आत्ता पण.” सगळा वर्ग छातीवर हात ठेवून गप्प बसला होता.

मग पौर्णिमा आली आणि भर दुपारी लिंक तुटली. संध्याकाळी आपोआप जुळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ऑफिसात संगणकावरचा आलेख पाहिला आणि माझ्या लक्षात आलं : रेघ भरतीबरोबर खाली जात होती. आमच्याकडे उधाणाची भरती नेमकी दुपारच्या सुमाराला येते. ओहोटीला खाडीत चिखल आणि खारफुटी असते, ती डिशच्या रेडिओलहरी गिळून टाकते. भरती चढली की तिथे आरसा होतो. मग डिशकडे दोन लहरी येतात, एक सरळ आणि एक पाण्यावरून उसळून. दोन माणसांनी एकच दोरी दोन बाजूंना ओढावी आणि ती जागची हलू नये, तसं त्या एकमेकींना मारून टाकतात. उपाय ठाऊक असलेला आहे. त्याच खांबावर वेगळ्या उंचीवर दुसरी डिश लावायची. एकीला ऐकू आलं नाही तर दुसरीला येतं. पण दुसऱ्या डिशला मंजुरी नव्हती आणि देणगीदारांना उद्घाटनाची तारीख हवी होती.

मी कॅलेंडरसमोर उभा राहिलो आणि अष्टमीवर बोट ठेवलं.

मावशींना विचारलं तर त्या लगेच म्हणाल्या, “भांगाला ठेवतोस ते बरं. सगळे घरी असतात.” त्यांचं कारण वेगळं, माझं वेगळं. मी माझं सांगितलं नाही. बाईंनाही नाही. दुसरी डिश यथावकाश लावूच, मग उगाच कशाला विरजण, असं मनाशी म्हटलं.

उद्घाटनाला संस्थेच्या अध्यक्षांना काहीतरी मोठं दाखवायचं होतं. कल्पना माझीच. बाईंनी बोरिवलीच्या शाळेत बसून तिकडून पडद्यावर शिकवायचं आणि पाड्यावरच्या मुलांनी इकडून उत्तरं द्यायची. अध्यक्ष, देणगीदार, पालक, सगळे पाड्यावर जमले. भांग असल्यामुळे बाक अपुरे पडले, काही मुलं खाली बसली. पडद्यावर बाई आल्या तसा एकच गलका झाला.

“बाई, तुम्ही टीव्हीत!”

“गप्प बसा रे. एलिझा, एका टोपलीतले तीन-अष्टमांश बोंबील तुझ्या आजीने विकले...”

“आजी अर्धवट टोपली विकतच नाही, बाई!”

सगळे हसले, मावशी सगळ्यात जोरात. मग तासभर अपूर्णांक चालले. पडदा क्षणभरही अडखळला नाही. मी कोपऱ्यात उभा राहून छाती फुगवत होतो. शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळले. सज्जन माणूस, संस्थेसाठी स्वतःच्या खिशाला खार लावून घेणारा. त्यांनी विचारलं, “हे रोज असंच चालेल ना?”

“चालेल, सर.”

मुलुंडच्या गच्चीवर बोललो होतो त्याच सुरात. काही दिवसांनी कांजूरमार्गच्या आमच्या विहारात शाल देऊन माझा सत्कार झाला. बेटावरच्या मुलांपर्यंत ज्ञान नेणारा माणूस, असं एकजण भाषणात म्हणाले.

जून उजाडला आणि जॅसिंतामावशींचा फोन आला. बाजारातून बोलत होत्या, मागे भावाची घासाघीस ऐकू येत होती.

“काय रे सर, हे काय केलंस? आमची बाई डब्यात घातलीस?”

मला काहीच कळेना. मग कळलं. विशाखाबाईंची बदली बोरिवलीच्या शाळेत झाली होती. तिथे गणिताचे शिक्षक कमी होते. तिथला वर्ग शिकवता शिकवता त्या पाड्याच्या मुलांनाही पडद्यावरून शिकवणार होत्या. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंच होतं की हे उत्तम चालतं. पाड्यावर फक्त हेडमास्तर राहिले.

बाईंना भेटायला गेलो. शाळेच्या व्हरांड्यात त्या वह्या तपासत होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “चूक माझीपण आहे, सर. मी त्या दिवशी फार चांगलं शिकवलं.”

उधाणाला व्हायचं ते झालं. भर दुपारी पडदा थिजायचा, बाईंचा हात खडूसकट हवेत थांबायचा. मुलं थोडा वेळ त्या हाताकडे बघत बसायची आणि मग उठून मांडवाकडे जायची. गणपतीनंतर संस्थेची सभा होती. त्याआधी मावशींनी मला बाजारात बोलावून घेतलं. पाटावर पापलेट मांडत होत्या, माझ्याकडे न बघता बोलल्या.

“आम्ही बोललो तर म्हणतील, मच्छीवाल्या बायका, यांना काय कळतं. तू बोल. तुझ्या तोंडाने सांग, उधाण आलं की हे बंद पडतं. मग बाई परत द्यावीच लागेल.”

“येतो, मावशी. सांगतो.”

“नक्की?”

“नक्की.”

त्याच आठवड्यात दुसऱ्या डिशला मंजुरी मिळाली. सभा व्हायला थोडे दिवस होते. इरफान सामान घेऊन जेट्टीवर उभा राहिला आणि होडीत चढायच्या आधी त्याने विचारलं, “सभेनंतर लावू या का? तू बोललास की लावू. कोण विचारतंय?”

थिजलेल्या पडद्यासमोर बसलेली मुलं डोळ्यांपुढे येत होती. मुद्दाम नादुरुस्त ठेवायचं, हे कधी केलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, माझ्या हातचं काम भरतीला तुटतं, हे भर सभेत सांगायची मला लाज वाटत होती. किती भाग मुलांच्या काळजीचा आणि किती माझ्या अहंकाराचा, हे मला आजही सांगता येत नाही.

“लावून टाक,” मी म्हटलं.

ती दुसरी डिश हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत चोख काम आहे. उंचीचा हिशोब मी स्वतः केला. त्यानंतर कितीही मोठं उधाण आलं तरी ती लिंक एकदाही तुटलेली नाही.

सभेला जॅसिंतामावशी धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. टोपली त्यांनी बाहेर वॉचमनपाशी ठेवली होती. त्यांनी उभं राहून तक्रार मांडली आणि माझ्याकडे बोट केलं. “या सरांना विचारा.”

अध्यक्षांनी विचारलं, “उधाणाला बंद पडतं, हे खरं आहे?”

“खरं होतं, सर,” मी म्हणालो. “आता दुरुस्त केलंय. आता पडणार नाही.”

पुढे एक वाक्य होतं. लिंक चोख असली तरी तिथे बाई लागते, हे ते वाक्य. पण मी नेटवाला; मला लिंकबद्दल विचारलं होतं आणि मी लिंकबद्दल सांगितलं होतं. शिक्षणावर बोलणारा मी कोण, असं म्हणून मी खाली बसलो. ज्या माणसाला त्याच्या बाईंनी चहाच्या टपरीवरून उचलून आणलं होतं, तो माणूस खाली बसला. पुढचा विषय निघाला. तो मैदानाच्या कुंपणाचा होता.

बाहेर पडताना मला वाटलं मावशी शिव्या घालतील. त्यांनी टोपली उचलली आणि म्हणाल्या, “काम चांगलं केलंस रे.” टोमणा नव्हता त्यात. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

एवढ्यावर हा लेख संपवला असता. पण यंदा नारळी पौर्णिमेनंतर देखभालीसाठी पाड्यावर गेलो. सभेनंतर मी तिथे भांगालाच जात आलो होतो. होडीलाही सोपं आणि माणसंही भेटतात. या वेळी इरफानला दुसरा दिवस मोकळा नव्हता, म्हणून भर उधाणाला गेलो. पाणी जेट्टीच्या वरच्या पायरीला लागलं होतं. शाळेत शिरलो तेव्हा बाईंचा तास चालू होता. चित्र इतकं स्वच्छ की त्यांच्या बोटांवरचा खडू दिसत होता. पुढचे दोन बाक भरलेले आणि त्यांच्यामागे सगळा वर्ग रिकामा.

हेडमास्तरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, “हजर असतील त्यांना पुढे बसवतो. कॅमेऱ्यात तेवढंच येतं. बाईंना बरं वाटतं.”

मांडवाच्या बाजूने मुलांचा आवाज येत होता. एलिझा त्यांच्यातच होती. ती यंदा सातवीत आहे. हेडमास्तरांना लहान वर्ग सोडून तिला आणायला जाता येत नव्हतं.

मी वर्गात परत आलो तर पडद्यावरून बाईंनी ओळखलं. “सर, तुम्ही? आवाज बरोबर येतोय ना?”

“येतोय, बाई. तुम्हाला दिसतं का?”

“दिसतं की. अगदी स्पष्ट. आज सगळी आलीत वाटतं?”

पुढच्या बाकावरची मुलं माझ्याकडे बघत होती. मुलुंडच्या गच्चीवर, कॅलेंडरसमोर, अध्यक्षांपुढे जे उत्तर सहज तोंडात आलं होतं, तेच पुन्हा आलं होतं. मी कॅमेऱ्याचा स्क्रू सैल केला आणि कॅमेरा हळूहळू मागच्या बाकांकडे वळवला. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. लिंक मात्र चालू होती.

मांडवात गेलो तेव्हा जॅसिंतामावशी बोंबील टांगत होत्या. मी म्हटलं, “मावशी, संस्थेच्या लोकांना इथे बोलवा. मला त्यांच्याशी बोलायचंय. त्या दिवशी राहिलं ते.”

हातातला बोंबील टांगून त्या माझ्याकडे वळल्या. एलिझा शेजारी उभी होती, हाताला खवले चिकटलेले.

“आता बोलशील?”

“बोलेन.”

“बघ हां. मग पुढच्या भांगाला ठेवते. सगळे घरी असतात.”

“नको, मावशी,” मी म्हणालो. “उधाणाला ठेवा. दुपारी.”

हा लेख देताना ती अमावास्या यायची आहे.